लांडगीण, तागडी आणि वगळलेला चौथा खंड : एकच गोष्ट ॲनिमे, मांगा आणि कादंबरीतून कशी वाचता?

वडगावकर

नमस्कार मंडळी. मी बेळगावात रविवार पेठेत वडिलांबरोबर भुसारी दुकानात बसतो. आषाढात एकदा झड लागली की चार-चार दिवस पेठेत गिऱ्हाईक फिरकत नाही. गेल्या पावसाळ्यात अशाच दिवसांत मी 'स्पाइस अँड वुल्फ' हा २००८ चा ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, बघायला घेतला. नावावरनं मारामारीची मालिका वाटली होती. बघतो तर आमच्या पेठेचीच गोष्ट.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लॉरेन्स हा पंचवीस वर्षांचा फिरता व्यापारी. घोडागाडी घेऊन गावोगाव माल घेतो, विकतो. पास्लो नावाच्या गावात होलो शेकडो वर्षं गव्हाच्या पिकाची देवता म्हणून राहिलेली, मूळची लांडगीण. गावाला आता आपली गरज उरली नाही हे ओळखून ती लॉरेन्सच्या गाडीत येऊन बसते आणि उत्तरेकडच्या योइत्सू या आपल्या मुलखाकडं निघते.

मला धरून ठेवलं ते तागडीच्या प्रसंगानं. लॉरेन्स मिरी विकायला एका पेढीत जातो. तागडी ठीक दिसते, वजनं ठीक दिसतात, तरी होलो पाणी मागते आणि टेबलावर सांडते. पाणी एका बाजूला वाहायला लागतं. खोट तागडीत नसून टेबलात आहे! माझ्या आजोबांनी मला दुकानात पहिल्या दिवशी शिकवलं ते हेच, काटा बघण्याआधी काटा कशावर ठेवलाय ते बघ. जपानमधल्या एका लेखकाला हे कुठनं कळलं, म्हणून मी उठून बसलो.

आता प्रश्न. २००९ चा दुसरा सीझन बघून संपवला तेव्हा मधे काहीतरी गळाल्यासारखं वाटलं. शोधलं तर कळलं की मूळ लाइट नॉव्हेल, म्हणजे तरुण वाचकांसाठीची सचित्र कादंबरी, इसुना हासेकुरांचं. पहिल्या सीझनमध्ये खंड १ आणि २, दुसऱ्यात खंड ३ आणि ५. चौथा खंड सरळ वगळलाय. मुख्य कथा १७ खंडांची, २००६ ते २०११. केइतो कौमेंचा मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १६ खंडांचा. आणि २०२४ मध्ये ॲनिमे परत पहिल्यापासनं काढलाय.

मी कुठनं सुरू करू? थेट चौथ्या खंडापासनं, की सगळं मुळातनं? तुम्ही एकच गोष्ट तीन-तीन रूपांत कशी वाचता, ते मला मनापासनं समजून घ्यायचंय.

बेंगळुरातला_बेळगावी

भावा, तागडीचा प्रसंग मलाही तसाच लागला होता. माझं स्पष्ट मत, पहिल्या खंडापासून वाच.

कारण सांगतो. तू २००८ च्या ॲनिमेत पास्लो गावातली क्लोई पाहिलीस ना? लॉरेन्सवर जीव असणारी ती मुलगी? ती मूळ कादंबरीत नाही. तिच्या जागी यारेई नावाचा शेतकरी आहे, लॉरेन्सचा जुना ओळखीचा माणूस. २०२४ च्या ॲनिमेत यारेईच ठेवलाय. एवढ्या एका बदलानं पहिल्या खंडाचा शेवट वेगळा लागतो. क्लोई उलटते तेव्हा त्यात प्रेमभंगाचा वास येतो. यारेई समोर उभा राहतो तेव्हा कळतं की शेतकऱ्यांना नवी शेती सापडलीय, त्यांना आता जुनी देवता नकोय. हे दुसरं मला कितीतरी जास्त लागलं. आमच्या भागात शेत विकून प्लॉट पडताना बांधावरच्या देवाचं काय करायचं, हा प्रश्न किती घरांत निघतो बघ.

तुझ्या चौथ्या खंडाचं म्हणशील तर २०२४ च्या ॲनिमेचे २५ भाग आहेत आणि त्यात तो घेतलाय. पण आधी वाच, मग बघ.

निपाणीची_लेक

आधी वाच, मग बघ, असा नियम मला मान्य नाही. कादंबरी श्रेष्ठ, मांगा मधला, ॲनिमे खालचा, अशी उतरंड लावून नव्या वाचकाला घाबरवू नका.

मी मांगाकडून आले. निपाणीत वाढलेल्या मुलीला पुस्तक म्हणजे उजवीकडून डावीकडे वाचायचं काही असू शकतं हे पहिल्यांदा कॉलेजात कळलं. पहिली वीस पानं मी उलटी वाचली आणि कुणी कुणाला उत्तर देतंय तेच कळेना. सवय झाल्यावर मात्र मांगानं मला दिलं ते दुसऱ्या कशानं दिलं नाही. वेग माझ्या हातात राहतो. ॲनिमे त्याच्या वेगानं जातो, कादंबरी वाक्याच्या. मांगात मी एका चेहऱ्यावर पाच मिनिटं थांबू शकते. होलो बोलते एक आणि तिचे कान सांगतात दुसरं, ते मी चित्रातच नीट पाहिलं.

आणि व्यापाराचं म्हणाल तर दुसऱ्या खंडातल्या चिलखतांच्या प्रकरणानं मला रडवलंय. लॉरेन्स त्या वाकड्या टेबलाचा फायदा उठवून दुप्पट माल उधारीवर उचलतो. पुढच्या शहरात पोचेपर्यंत उत्तरेची मोहीम रद्द झालेली असते, चिलखतांचा भाव कोसळतो आणि चलाखीनं मिळवलेली उधारीच त्याच्या गळ्याला फास होते. आमच्या घरात तंबाखू होता. १९८१ च्या निपाणीच्या आंदोलनात आजी रस्त्यावर बसली होती. माल तयार आहे, गोणी बांधलेल्या आहेत आणि भाव पडलाय म्हणजे काय, हे मी तिच्या तोंडून ऐकत मोठी झाले. मांगातला लॉरेन्सचा तो चेहरा बघितला आणि मला आजी आठवली. हे मला आधी कादंबरी न वाचताच मिळालं.

खानापूर_मास्तर

उत्तम धागा. दोघांचंही वाचलं. मी खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकवतो. ही मालिका माझ्या एका माजी विद्यार्थ्यानं मला दाखवली.

निपाणीच्या ताई, उतरंड नको हे पटलं. पण 'कुठूनही या, सगळं सारखंच' हेही मला पटत नाही. एक उदाहरण देतो. आपल्या भागात यल्लम्माची कथा ऐकत नाही असं घर विरळा. सौंदत्तीच्या डोंगरावर कन्नड जोगतीणही गाते आणि मराठी जोगतीणही गाते. रेणुका तीच, जमदग्नी तोच, परशुराम तोच. पण गाणाऱ्याच्या भाषेप्रमाणं आणि गावाप्रमाणं जोर बदलतो. कुठं आईचं दुःख लांबतं, कुठं मुलाची आज्ञा. माझी आई दोन्ही ऐकायची. कुठली खरी असं तिनं कधी विचारलं नाही, पण कुठल्या गाण्यात काय आहे ते मात्र तिला नेमकं ठाऊक होतं. मी जे सुचवतो ते एवढंच. सगळी रूपं घ्या, पण कुठल्या रूपानं काय सांगितलं आणि काय गाळलं, हे ध्यानात ठेवून घ्या.

आता होलोच्या बोलण्याकडं येतो, कारण माझा सगळा जीव तिथं अडकलाय.

जपानीत ती स्वतःला 'वाच्ची' म्हणते आणि समोरच्याला 'नुशी'. ही तिच्यासाठी घेतलेली ढब जुन्या एदो काळातल्या योशिवारा या वस्तीतल्या कलावंतिणींच्या बोलीवरून आलीय. त्या बोलीला तिथं 'कुरुवा कोतोबा' म्हणतात. वेगवेगळ्या मुलखांतून आलेल्या मुलींच्या गावाकडच्या बोली झाकाव्यात, म्हणून ती घडत गेली. विचार करा, आपला मुलूख हरवलेली देवता आणि तिच्या तोंडी मुलूख लपवणाऱ्या बायकांची भाषा. लेखकानं हे एवढं सगळं ठरवून केलं का, ते मला महत्त्वाचं वाटत नाही. ऐकणाऱ्याच्या मनात ते उतरतं.

आपण वाचतो ते इंग्रजी भाषांतर. त्यात जुनाट वळणाची वाक्यं करून ती ढब आणायचा प्रयत्न आहे, पण 'वाच्ची' कानावर पडत नाही. ती फक्त ॲनिमेत पडते. २००८ मध्ये आणि २०२४ मध्ये होलोला आवाज एकाच बाईंनी दिलाय, आमी कोशिमिझू. लॉरेन्सलाही दोन्ही वेळा जुन फुकुयामाच. म्हणून मी काय करतो? आधी एक प्रसंग ॲनिमेत जपानीतून ऐकतो. मग तोच प्रसंग कादंबरीत काढून वाचतो, आणि वाचताना आवाज डोक्यात तोच ठेवतो. आपल्याला तिसऱ्या भाषेतून हे वाचावं लागतं. त्यामुळं एकाच रूपावर थांबलो तर गोष्ट आपल्यापुरती अर्धीच राहते. जपानी वाचकाला कदाचित एका रूपावर थांबून चालत असेल.

वडगावकर

मास्तर, हे फार मोलाचं सांगितलंत. घरात मराठी, हमालांशी कन्नड, परराज्यातल्या व्यापाऱ्यांशी हिंदी, अशा तीन भाषा मी रोज बोलतो, आणि एकाच पोत्याचा भाव तीन भाषांत तीन तऱ्हेनं सांगतो. तरी हे लक्षात आलं नव्हतं.

तुमचं ऐकून तागडीचा एकच प्रसंग तिन्हींत बघायचं ठरवलंय. पहिले दोन खंड मागवलेत. आल्यावर कळवतो.

शहापूर_सराफी

मी पहिल्यांदाच लिहितोय. आमच्या घरात चार पिढ्या सोनारकाम आहे.

पहिल्या खंडातलं नाण्याचं प्रकरण कुणी काढलं नाही म्हणून लिहितो. एक पोरगेला व्यापारी लॉरेन्सला सांगतो की अमुक चांदीचं नाणं नव्यानं पाडणार आहेत आणि त्यात चांदी वाढणार आहे. होलो नाणी वाजवून ऐकते. चांदी वाढत नाहीये, कमी होतेय. मग भाव उतरणारी नाणी कुणी का गोळा करतंय, यावर सगळी कथा फिरते. या वळणावर मी पुस्तक मिटून दहा मिनिटं नुसता बसलो होतो.

आपण 'खणखणीत नाणं' म्हणतो ना, ते उगाच नाही. माझे पणजोबा रुपया दगडावर टाकून ऐकायचे. पोतदार हे आडनाव मूळचं नाणी पारखणाऱ्याच्या हुद्द्यावरनं आलं. बट्टा म्हणजे नाणं बदलताना कापलेला वटाव. जिथं राज्यं जवळजवळ, तिथं हे धंदे चालायचेच. आमचं शहापूर सांगली संस्थानात होतं आणि पलीकडं बेळगाव इंग्रजांचं. आज एकाच शहरातल्या दोन पेठा वाटतात.

माझा अनुभव विचाराल तर हे प्रकरण ॲनिमेत मला नीट कळलं नाही. बोलणं पटापट जातं. कादंबरीत लॉरेन्स मनात हिशेब करतो तो पानावर असतो, आपण बोट ठेवून मागं जाऊ शकतो. हिशेब वाचायचा असतो, ऐकायचा नसतो.

अनगोळची_वाचनवेडी

+१ शहापूरकर. वाचनखूण साठवली.

मी आयुर्वेद शिकते, त्यामुळे माझी गोष्ट वेगळी. 'द अपोथेकरी डायरीज'. माओमाओ ही औषधं जाणणारी मुलगी राजवाड्याच्या अंतःपुरात दासी म्हणून पोचते. पहिलंच प्रकरण पांढऱ्या शिशाच्या फेस पावडरीचं, राण्यांच्या बाळांचा जीव घेणारी. आम्हाला रसशास्त्रात नागभस्म शिकवताना शिशाच्या विषारीपणावर सरांनी दोन तास घेतले होते, ते सगळं डोळ्यांपुढं आलं.

तर ही कथा नात्सु ह्यूगांनी आधी इंटरनेटवर लिहिली, २०११ पासून, 'शोसेत्सुका नि नारो' या साइटवर. मग छापील पुस्तक झालं. पुढं २०१७ मध्ये एकाच कादंबरीवर दोन वेगळे मांगा सुरू झाले, दोन वेगळ्या प्रकाशनांत. एक नेकोकुरागेंच्या चित्रांचा 'बिग गंगन'मध्ये, दुसरा मिनोजी कुराता यांचा 'संडे जीएक्स'मध्ये. ॲनिमे २०२३ च्या ऑक्टोबरात आला. मला हे ठाऊक नव्हतं. पुण्याच्या मैत्रिणीकडून एक खंड आणला, पुढचा ऑनलाइन मागवला, आणि दोन्ही वेगळ्याच मालिकांचे निघाले! चेहरे वेगळे, प्रसंगांची मांडणी वेगळी. मागवणाऱ्यांनी मुखपृष्ठावर चित्रकाराचं नाव वाचून घ्या, फक्त शीर्षक नको.

पैसे वाया गेले असं वाटलं होतं, पण त्या चुकीनंच मला सगळ्यात जास्त शिकवलं. एका चित्रकारानं माओमाओचं विष चाखताना खुलणारं तोंड मोठं केलंय. दुसऱ्यानं गुंता कसा सुटला ते जास्त धरलंय. मूळ वाक्यं तीच असावीत. वाचणारी माणसं दोन, म्हणून मांगा दोन.

बेंगळुरातला_बेळगावी

हे भारी सांगितलंत. यावरून 'फुलमेटल अल्केमिस्ट' आठवलं. मांगा हिरोमु अराकावांचा, २००१ ते २०१०, २७ खंड. पहिला ॲनिमे २००३ चा, ५१ भाग. तेव्हा मांगा संपलेलाच नव्हता, म्हणून ॲनिमेवाल्यांनी अर्ध्यातून स्वतःची वाट काढली आणि शेवट स्वतःचा केला. २००९ मध्ये परत केला तो ६४ भागांचा, मांगाला धरून. लोक विचारतात, कुठला बघू? मी दोन्ही सांगतो. दुसऱ्यात कथा पूर्ण आहे. पण पहिल्यात पुढचं माहीत नसलेल्या माणसांनी शोधलेला शेवट आहे, आणि त्यातलं दुःख मला दुसऱ्यात सापडलं नाही.

आणि 'हारुही सुझुमिया' या मालिकेचं तर विचारूच नका. कादंबरीत एक छोटी कथा, उन्हाळ्याच्या सुट्टीचे तेच दिवस परत-परत येतात. २००९ च्या ॲनिमेनं ती आठ भागांत दाखवली, आठही वेळा जवळपास तेच. लोक संतापले. मी तिसऱ्या भागाला सोडून दिलं होतं. गेल्या वर्षी आठही सलग बघितले. हजारो वेळा तेच दिवस जगणं म्हणजे काय, हे कादंबरी सांगून मोकळी होते. ॲनिमेनं ते भोगायला लावलं.

अथणी_शिवार

नमस्कार. मी शेतकरी आहे, ॲनिमे मुलगा बघतो आणि त्याच्या शेजारी बसून मी. चौथ्या खंडाचं नाव निघालं म्हणून लिहितो, कारण २०२४ च्या मालिकेत तोच भाग मी सगळ्यात लक्ष देऊन पाहिला.

शेवट फोडत नाही. तेरेओ नावाचं गाव आहे. तिथल्या धान्यात विषारी दाणा सापडतो आणि सगळं गाव अडचणीत येतं. मुलाला वाटलं ही जादूटोण्याची गोष्ट. मी म्हटलं, नाही रे, हे अरगट आहे. युरोपात राय नावाच्या धान्यावर ती बुरशी यायची, लोकांचे हातपाय जळल्यासारखे व्हायचे, बोटं झडायची, भ्रम व्हायचा. सेंट अँथनीची आग म्हणायचे त्याला. आमच्याकडं बाजरीवर तिच्या जातीतलीच येते. फुलोऱ्यात पाऊस लागला की कणसातून मधासारखा चिकटा गळतो आणि नंतर दाण्याच्या जागी काळपट गाठी धरतात. म्हणून बी पेरण्याआधी वीस टक्के मिठाच्या पाण्यात टाकायचं. दहा लिटर पाण्याला दोन किलो मीठ. तरंगतं ते काढून जाळायचं, तळाचं चांगल्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवायचं. माझ्या वडिलांनी शिकवलं, मी मुलाला शिकवलं. त्या दिवशी त्यानं मालिका थांबवून मला विचारलं, 'अप्पा, म्हणजे आपण दरवर्षी करतो ते हेच काय?'

एका गावाचं वर्षभराचं पीक कुणीतरी 'यात विष आहे' म्हणून परत पाठवतं, तेव्हा त्या गावावर काय येतं, हे दाखवणारा भाग आधी का वगळला असेल, ते मला समजत नाही. माझ्या मते त्या गोष्टीचा गाभाच तो आहे.

निपाणीची_लेक

काका, अंगावर काटा आला. मी मांगाची बाजू घेऊन भांडत होते, पण चौथा खंड आता कादंबरीतूनच वाचणार.

एक विनंती सगळ्यांना. चोरून टाकलेल्या स्कॅनवर वाचू नका. एकतर लेखकाला काही मिळत नाही. दुसरं, मी वाचलेल्या अशा एका स्कॅनमध्ये नाण्याच्या प्रकरणात 'वाढणार' आणि 'कमी होणार' उलटं भाषांतरित झालं होतं. महिनाभर मी ती कथा चुकीची समजून बसले होते. चार जणांत मिळून एक खंड घ्या.

वडगावकर

दोन महिन्यांनी परत येतोय. पहिले चारही खंड वाचून झाले.

तागडीचा प्रसंग तिन्हींत पाहिला. ॲनिमेत पाणी वाहिलं की मला हसू आलं होतं, सुटलो असं वाटलं होतं. मांगात मी त्या पेढीवाल्याकडं बघत राहिलो. कादंबरीत मात्र मला लॉरेन्सची भीती वाटली. कारण तिथं तो सुटल्याचा आनंद करत थांबत नाही. समोरचा सापडलाय म्हटल्यावर त्याच्या मनात लगेच आकडे सुरू होतात, किती उचलता येईल, किती उधार घेता येईल. पुढचं नुकसान त्या क्षणातच पेरलेलं आहे. दोन वेळा ॲनिमे बघूनही मला ते दिसलं नव्हतं. मी स्वतः त्या जागी असतो तर हेच केलं असतं, आणि वडिलांनी मला थांबवलं असतं. त्या रात्री जेवताना वडिलांना सगळा प्रसंग सांगितला. ते म्हणाले, 'अडलेल्या माणसाकडनं घेतलेला माल कधी लाभत नाही.'

चौथा खंड अथणीच्या काकांचं वाचून मग वाचला. त्यावर लिहायला वेगळा धागा काढावा लागेल.

मास्तर, शनिवारी दुपारच्या बसनं खानापूरला येतोय. पहिला आणि चौथा दोन्ही घेऊन येतो, शाळेच्या पेटीत ठेवा.

खानापूर_मास्तर

जरूर या. नाण्याचं प्रकरण आठवीच्या मुलांना वाचून दाखवायचं आहे, मराठीत करून. शहापूरकर, जमल्यास एखादा जुना चांदीचा रुपया घेऊन तुम्हीही या, मुलांना आवाज ऐकवू.

मी पहिली चार पानं करून बघितली. होलोला मी आमच्या जंगलपट्टीतल्या म्हाताऱ्यांची बोली दिली. 'वाच्ची'ला काय करावं ते अजून जमलेलं नाही, पण 'नुशी'पाशी एक सापडलं. त्या शब्दाचा मूळ अर्थ मालक, धनी. आणि आपल्याकडं बायका नवऱ्याला 'धनी' म्हणत आल्यात. होलोच्या तोंडी तो घातला तर मान राहतो आणि चिडवणंही राहतं.

निपाणीची_लेक

मास्तर, 'धनी' सुंदर आहे, पण थोडं थांबा. आजी 'धनी' म्हणायची तेव्हा मान खाली असायची. होलोची मान कधीच खाली नसते. एकदा मोठ्यानं वाचून बघा, ताठ मानेनं म्हटलेला 'धनी' कसा लागतो ते. शनिवारी मीही येते.